ह्यांचा नंबर आता दुसऱ्याचा

मैत्रिणींनो, आज दुपारी ह्यांच्या जुन्या फोनमधलं व्हॉट्सॲप बंद पडलं. त्यात तळोद्याहून घरी निघताना पाठवलेला त्यांचा आवाज आहे, "तळोदाथीन निघनू, भाकर टाक." ते गेल्यापासून मी तो रोज ऐकते.

त्या फोनवरून बोलायचं कोणाशी, म्हणून मी रिचार्ज थांबवला होता. मोबाईलवाला म्हणाला, नंबर दुसऱ्याला दिला गेला, आता व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करायचा ओटीपी त्यालाच जाईल.

मी त्या नंबरवर फोन लावला, सगळं सांगितलं.

"माय, मी काय येडा शे? ओटीपी कोणलेच सांगाना नई!" म्हणत त्याने फोन ठेवला.

त्याची चूक नाही. ओटीपी कोणालाही देऊ नका, हा मेसेज या ग्रुपवर मीच टाकला होता. मी फसवत नाही, हे त्याला कसं पटवू?