गाडीला वजन हवं होतं

पुण्याच्या जुन्या बाजारात गेल्या महिन्यात माझं आणि आबांचं, म्हणजे वडिलांचं, चांगलंच वाजलं... तेही आमच्या जुन्या गाडीच्या लोखंडावरून.

ही गाडी आमचं पोट आहे. लोणावळा स्टेशनवर उतरणारे पाहुणे आबा तिच्यातून कार्ल्या-भाज्याची लेणी बघायला नेतात. मी घरातली पहिली पदवीधर, आता शाळेत शिकवते. कुसगावच्या वरच्या ठाकरवाडीतलं आजारी माणूसही याच गाडीतून दवाखान्यात जावं, डोलीतून नव्हे, असा माझा हट्ट.

गाडी मागून पार बसली होती. हातातल्या पैशांत एकच काम होणार होतं. एक तर धक्के गिळणारे नवे शॉक ॲब्सॉर्बर, नाहीतर मागच्या चाकांवर वजन पेलणारे ट्रकचे जाड स्प्रिंग-पाटे कापून बसवायचे. पेशंटला धक्के नकोत म्हणून मी शॉक ॲब्सॉर्बरवर अडून बसले.

"तुजा पेशंट कवातरी, पाव्हणे रोज," आबा म्हणाले. "गाडी रोजच्या वजनाला बांधायची असती, बाय. ती मोडली तर पेशंटला तरी कुटनं आनशील?"

त्यात चूक काढता येईना. पाटे बसले, आणि पाहुण्यांनी भरलेली गाडी खरंच झकास चालायला लागली.

मंगळवारी सकाळी वाडीतून निरोप आला. तिथली पारू बाळंतपणात अडली होती, मूल आडवं आहे असं सुईण म्हणत होती. आम्ही लगेच वाडीखाली गाडी नेली. पारूला मागे निजवलं, सासू तिच्या पायाशी बसली, मी उशाशी. बाकीची माणसं मात्र लांबच उभी. मी "या ना, बसा" म्हटलं तर पारूचा नवरा गोमा मागे सरकला.

"न्हाई बाय, गाडीला वजन हुईल. तिला नीट जाऊ द्या. आमी येतो चालत."

किती मायेनं म्हणाला तो... आणि तेच बाधलं. भरल्या गाडीसाठी बसवलेले ते पाटे हलक्या गाडीत दगडासारखे झाले. खडीच्या रस्त्यावर गाडी नुसती उडत होती. आबांनी वेग कमी केला, तरी तेच. पारू आधी प्रत्येक खड्ड्याला ओरडायची, मग ओरडेनाशी झाली. तिचं डोकं मांडीवर घट्ट धरण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

पुढच्या वळणावर खडी फोडणाऱ्या बाया दिसल्या. आबांनी करकचून ब्रेक दाबला. "चला गं, बसा गाडीत! वजन पायजे!"

"अवो, अंगावरची धूळ तरी बगा आमच्या!"

"ऱ्हाऊ द्या धूळ. बाई अडलीया."

हजेरी मांडणार नाही म्हणून मुकादम मागून ओरडत होता. तरी त्या आल्या. काही पुढे दाटीवाटीनं, काही उघड्या डिकीत. गाडी खाली बसली आणि धक्के मऊ झाले. डिकीतून एक म्हातारी म्हणाली, "जल्मात पैल्यांदा मोटारीत बसले, ते बी गोनीवानी!" त्या अवस्थेतही सगळ्या हसल्या.

पारू वाचली. मूल नाही वाचलं.

ते आधीच गेलं होतं, रस्त्याचा दोष नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ते खरं मानायचं आहे... अजून जमत नाही. त्या बाया तर उन्हातून चालत परत गेल्या. दिवस बुडाला त्यांचा. एरवी गाडी आली की त्या बाजूला सरकून उभ्या राहतात, आणि आम्ही त्यांना बोलावलं ते वजन म्हणून...

गोमा पोचला तेव्हा सांगायचं माझ्यावर आलं. ऐकून तो दवाखान्याच्या पायरीवर टेकला. मग हळूच म्हणाला, "गाडीला वजन तर झालं न्हाई ना, बाय?"

मी "नाही" म्हटलं. दुसरं काय सांगणार होते त्याला...

"मग तुमी केलं तेवढं लय केलं," म्हणाला, आणि त्यानं मला हात जोडले. ते जोडलेले हात घेऊन मी कुठे जाऊ, मला अजून कळत नाही.