मध्ये कुणीतरी हवंच

विमलताईंचा श्रीकांत खातीपुऱ्याहून स्कूटरवर आला, तेव्हा मी गच्चीत संक्रांतीसाठी तीळ निवडत बसले होते. वर न येता खालूनच म्हणाला, "नीलाकाकू, आई गेली. सकाळी, चहा घेता घेता." मी सूप बाजूला ठेवलं आणि मनात पहिलं काय आलं, तर कॅमेऱ्यात अर्धा रोल शिल्लक असणार... त्यांच्या कॅमेऱ्यात तो नेहमीच असायचा. तेराव्याला जो तो म्हणत होता, "बिचाऱ्या विमलताई, किती सोसलं!" त्याचा मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. विमलताईंना तोंडावर बिचारी म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

आम्ही बदलीवर जयपूरला आलो, मालवीय नगरात घर घेतलं, त्या वर्षीची गोष्ट. ओळखीची मराठी घरं मोजकीच. संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं, तर न बोलावलेली एक उंच बाई दारात उभी. कपाळ मोकळं, गळ्यात डब्यासारखा जुना कॅमेरा. मी गांगरले. त्याच म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. कुंकू नको मला. मी फोटो काढायला आलेय." यजमान फौजेत होते, ते गेल्यावर ही बाई साताऱ्याला परत गेली नव्हती, मुलाबरोबर इथेच राहिली होती. विधवेला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नसे, पण फोटो मात्र सगळ्यांना हवे असत. तेवढ्या फटीतून विमलताई आत शिरल्या आणि मग दर वर्षी शिरत राहिल्या. याचा सगळ्यात जास्त राग माझ्या सासूबाईंना. त्या स्वतः विधवा, म्हणून त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या नाहीत. दाराआडून पुटपुटायच्या, "हिला काही रीतभात? आम्ही नाही बसत आत गुमान?"

त्या जुन्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायचं, काचेवर चेहरा स्पष्ट दिसेपर्यंत चक्री फिरवायची. रोल त्या घरीच धूत, न्हाणीघरात लाल दिवा लावून. मग मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, तरी बारीक बघण्याची नजर काही परत आली नाही. फोटो पुसट येऊ लागले. बायका अगदी गोडीत म्हणाल्या, "आता आराम करा ताई, पुढच्या वर्षी स्टुडिओतल्या भैयाला बोलावू." काळजी कसली, सुटका होती ती त्यांची! कॅमेरा गेला की दार बंद, हे विमलताईंना न कळायला त्या काय कुक्कुलं बाळ होत्या?

श्रीकांतनं मित्राकरवी परदेशातून नवा कॅमेरा आणवला. बटण दाबलं की हा स्वतःच अंतर ठरवणार, उजेड मोजणार, रोलही स्वतःच पुढे सरकवणार. विमलताईंनी तो हातात उलटापालटा केला. "सगळं हाच करणार, तर मी काय करू? याची आरती ओवाळू?" पहिला रोल रंगीत लॅबमध्ये दिला. दोघी मैत्रिणी शेजारी शेजारी उभ्या होत्या, त्यांचे चेहरे पुसट आणि त्यांच्या मधल्या फटीतून दिसणारी मागची भिंत मात्र वीट न् वीट मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. लॅबवाला म्हणाला, "माताजी, सारा फोकस दीवार पे चला गया." बायका हसल्या. मीही ओठ दाबून हसले.

पण विमलताई कसल्या हटतात! रोज दुपारी मला गच्चीत उभं करायच्या. कधी मला, कधी मला आणि सुकत घातलेल्या गादीला. रोलवर रोल वाया गेले. शेवटी एकदा विजयी चेहऱ्यानं आल्या. "कळला गं हा! आडमुठा आहे, पण लबाड नाही. नाकासमोर, मध्ये जे असेल तेच बघतो. मध्ये मोकळं सोडलं की थेट भिंतीवर. बटण अर्धं दाबून त्याला आधी एका माणसाकडे बघायला लावायचं, मग हवं तिकडे वळवायचं. फौजी माणसाबरोबर संसार केलाय मी, याला वळवणं काय अवघड?"

गेल्या संक्रांतीला आमच्या गच्चीत सगळ्या काळ्या साड्यांत जमल्या होत्या. वर आभाळ पतंगांनी भरलेलं, चारी बाजूंनी "वो काटा!" चा गलका. विमलताईंनी कॅमेरा पाण्याच्या टाकीवर ठेवला, मला मध्ये उभं केलं, इतरांना खेटून उभं राहायला लावलं. बटण दाबलं. दहा सेकंदांनी फोटो आपोआप निघणार, हे सांगणारा कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि ही बाई पदर खोचून धावत आली ती थेट आमच्या मधोमध, माझा दंड धरून उभी! कुणीतरी कुजबुजलं, "अहो ताई, सवाष्णींच्या फोटोत..." विमलताई समोरची नजर न हलवता म्हणाल्या, "दिवा लुकलुकतोय. मला ढकलायचं तर आत्ता ढकला. पण जी हलेल, तिचाच चेहरा पुसट येईल."

एकही हलली नाही. त्या फोटोत सगळ्याजणी अंगठीतल्या खड्यासारख्या स्वच्छ आल्या आहेत, मोकळ्या कपाळाच्या विमलताई सगळ्यांत जास्त. गंमत म्हणजे त्याची प्रत मागायला सगळ्या आल्या. ज्या कुजबुजल्या होत्या, त्या सर्वांत आधी.

कॅमेरा श्रीकांतनं मला दिला. या संक्रांतीला हळदीकुंकू करू नये, असं दोघीतिघींनी सुचवलं. मी केलं. विमलताईंना तेच आवडलं असतं, असलं काही मी म्हणणार नाही. मलाच करायचं होतं. कॅमेरा टाकीवर ठेवला, सगळ्यांना उभं केलं आणि मधली जागा मोकळी सोडली. मग खाली गेले. सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या.

"आई, वर चला. फोटो काढायचाय."

"मला कशाला गं? मी इथे बरी आहे."

"मध्ये कुणी नसलं तर हा कॅमेरा भिंत बघतो. सगळ्याच पुसट येतील."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. जिना चढताना वाटभर पुटपुटत होत्या, पण चढत होत्या. मी त्यांना मधोमध उभं केलं आणि बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"अगं थांब, पदर तरी नीट घेऊ दे," त्या म्हणाल्या.

"हलू नका, आई," मी म्हटलं.