डिंपनाच्या भुवया

डिंपना गॅविगनची डावी भुवई एका शुक्रवारी भर दुपारी गेली, आणि ती गेल्याचं डिंपनाला कळलं संध्याकाळी घरी गेल्यावर, आरशात.

पेट्रोल पंपावरच्या दुकानात गरम खाण्याच्या काउंटरवर ती उभी असते. सॉसेज, तळलेली अंडी, चिकनचे रोल. पुढे वाफ आणि मागे भट्टी. घाम आला की माणूस बाहीने कपाळ पुसतो, तसं तिने पुसलं. भुवई पेन्सिलीची होती, ती बाहीवर आली. त्यानंतर निम्मं बॅलीकॅरन तिच्या हातून रोल घेऊन गेलं, पावसापाण्याच्या गप्पा मारून गेलं, पण एकाही शहाण्याने भुवईबद्दल अक्षर काढलं नाही. आमचं गाव असंच आहे. इथे तोंडावर कुणी कुणाला काही सांगत नाही. पाठीमागे बोलायला सगळ्यांना आयुष्य पडलेलं असतं.

"तू तरी सांगायचंस!" दुसऱ्या दिवशी ती नुआलावर उखडली. नुआला तिथेच गल्ल्यावर बसते, शाळेपासूनची मैत्रीण.

"मला वाटलं नवी फॅशन असेल," नुआला म्हणाली. "हल्ली काही सांगता येतं का बाई?"

डिंपनाने पन्नाशी ओलांडली होती. लग्न झालेलं नव्हतं. एकदा जमत आलं होतं, पण तो माणूस बोस्टनला गेला आणि तिथलाच झाला. वडील, मॅटी गॅविगन, रस्त्यांच्या कामावर होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. उरली आई, डीलिया. ऐंशीला टेकलेली, पण जीभ अजून विशीतली. डिंपनाचं घर आईच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की पोचलं. सकाळी चहा आईकडे, रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आईशेजारी, मिस्सानंतर आईच्या हातचं जेवण. एवढाच तिचा गोतावळा होता आणि तेवढ्यात तिचं भागत होतं.

आणि तोंड रंगवल्याशिवाय ती कधी घराबाहेर पडली नव्हती. ही शिस्त आईची. डिंपना बारा-तेराची झाली तशी आई तिला शनिवारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायची, हनुवटी धरायची आणि चिमट्याने भुवया उपटायची. एखादा केस नाही, सगळ्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. वर्गातल्या बाकीच्या पोरींच्या आया त्यांना लिपस्टिकला हात लावू देत नसत आणि हिची आई स्वतः पेन्सिलीने दोऱ्यासारखी रेघ ओढून द्यायची, वर क्रीम आणि पावडरचा थर. "तुझा चेहरा उघडा चांगला दिसत नाही," एवढंच आई म्हणायची. आईच म्हणते म्हटल्यावर खरंच असणार. पोरीने विश्वास ठेवला आणि पुढे चिमटा आपल्या हातात घेतला.

बाहीवरच्या भुवईनंतर नुआलाने तिला ओढत औषधांच्या दुकानात नेलं. तिथली ईमर नावाची मुलगी गुरुवारी संध्याकाळी रोजचा साधा मेकअप शिकवत होती. ईमर मूळची गॉलवे शहरातली, गावात आल्याला वर्षही झालं नव्हतं.

"आधी चेहरा पुसा," ईमर म्हणाली.

"सगळा?"

"सगळा."

डिंपनाला चारचौघांत कपडे उतरवायला सांगितल्यासारखं झालं. पण पुसला. कापूस आधी तपकिरी झाला, मग गुलाबी, मग काळा. मग ईमरने एक पातळ क्रीम बोटांनी लावायला सांगितलं. त्यावर दुसरं, डोळ्यांखालच्या काळ्यासाठी. त्यावर गालांना लावायचं काहीतरी, तेही इतकंसं, तेही बोटांनी थोपटून. पापण्यांना काळा मस्कारा नको, तपकिरी. ओठांना ओठांच्याच रंगाचं.

डिंपनाने आरशात बघितलं. "मी काही लावलंय असं दिसतच नाहीये."

"तेच तर!" ईमर खूश झाली.

"मग लावलं कशाला?"

"न लावल्यासारखं दिसावं म्हणून."

"अगं, न लावता पण न लावल्यासारखंच दिसतं ना?"

"नाही. न लावता दमल्यासारखं दिसतं."

नुआला हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. डिंपनाला काही केल्या उलगडा होईना. आयुष्यभर तिने तीन वस्तू लावल्या आणि जगाला त्या दिसल्या. आता पाच वस्तू लावायच्या आणि कुणाला दिसू द्यायच्या नाहीत, याला म्हणे नैसर्गिक म्हणायचं. पण ईमर तोवर भुवयांपाशी पोचली होती.

"हे काय करून ठेवलंय तुम्ही? यांना आजपासून हात लावायचा नाही. वाढू द्या."

"वाढल्या की काय होईल?"

"भुवया होतील, दुसरं काय होणार!"

चाळीस वर्षं उपटलेल्या भुवया कुठून परत येणार, असं डिंपनाला वाटलं होतं. पण त्या आल्या, आणि वाट बघत बसल्यासारख्या आल्या. महिन्याभरात सावली धरली. ईस्टरपर्यंत रान माजलं. जाड, काळ्याभोर, आणि सरळ असतील तर शपथ: नाकापाशी दोन्ही बाजूंना एक एक झुपका ताठ उभा, आणि बाहेरची टोकं खाली वळायची सोडून कानशिलाकडे वर चढलेली. सतत कुणीतरी काहीतरी अजब सांगतंय, असा तिचा चेहरा दिसायला लागला.

आणि सांगायला हरकत नाही, तिला तो आवडला. सकाळी बोटांनी क्रीम थोपटताना ती स्वतःकडे बघत राहायची. या बाईला काहीतरी म्हणायचंय, असं वाटायचं. पेन्सिलवाली डिंपना कधी कुणाला काही म्हणायला जात नसे.

गाव मात्र बिघडलं. बिघडलं म्हणजे, बोललं कुणीच नाही. एक म्हातारा काउंटरवर आला, वर बघितलं, "अरे देवा" म्हणाला आणि रोल न घेताच गेला. बायका तिच्या डोळ्यांत न बघता कपाळाकडे बघून बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता गप्प व्हायला लागल्या. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक काहल टॅन्सी रोज दुपारी चिकन रोल घ्यायचा. एका दुपारी त्याने तिच्याकडे बघितलं, लाल झाला, रोल काउंटरवरच विसरून गाडीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. डिंपनाने चिकन हुंगून बघितलं. चिकनला काही झालेलं नव्हतं.

"नुआला, काय झालंय गं लोकांना?"

"कुठे काय?" नुआला चिल्लर लावत होती. "पण मी काय म्हणते, डिंपना, तू परत पेन्सिल का नाही लावत? ती तुला बरी दिसायची."

"तूच नेलंस ना मला तिथे!"

"नेलं. तेव्हा मी एवढा विचार नव्हता केला."

"कसला विचार?"

"काही नाही गं बाई. तो माणूस पावती मागतोय, बघू दे मला."

डिंपनाला वाटलं, आपण वाईट दिसतोय आणि कुणी सांगायला धजत नाही. ती ईमरकडे गेली. ईमर म्हणाली, फार सुंदर दिसताय. यातलं खरं काय मानायचं? ज्यांनी तिला जन्मापासून पाहिलं ते तोंड चुकवत होते, आणि काल आलेली पोर सुंदर म्हणत होती.

पण सगळ्यांत वाईट झालं ते आईचं. केस फुटायला लागले तेव्हाच आई म्हणाली होती, "तुला वेळ मिळत नाहीये का? चिमटा दे, मी काढते." मग म्हणाली, "वेंधळ्यासारखी दिसतेस." मग काहीच म्हणेनाशी झाली. चहा द्यायची तो बशीकडे बघून. आणि एका रविवारी, मिस्सा सुरू व्हायच्या आत, डिंपना शेजारी बसल्याबरोबर डीलिया उठली आणि भर चर्चमध्ये दोन बाकं पुढे जाऊन बसली. सगळ्यांनी पाहिलं. फादरनेही पाहिलं. डिंपना प्रार्थनापुस्तकात तोंड घालून बसली, तिचे कान पेटले होते.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्या काढ, मग ये घरी."

"आई, भुवया आहेत गं त्या! सगळ्यांना असतात."

"तशा नसतात," आई म्हणाली आणि चालायला लागली.

त्या रविवारी डिंपना आपल्या घरी पावाला लोणी लावून जेवली. सोमवारी चहाला गेली तर आईचं दार आतून बंद. पन्नाशीच्या बाईला आईने भुवयांपायी वाळीत टाकावं, हे कुणाला सांगितलं तर हसतील, हे तिला कळत होतं. तिला हसू येत नव्हतं. मंगळवारी तिने चिमटा काढला, आरशापुढे बसली, एक केस धरला. आणि तिला रागच आला. कशासाठी, हे कुणीतरी सांगा ना! कारण कळलं असतं तर तिने एका बैठकीत सगळ्या उपटल्या असत्या. तिने चिमटा ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

आईच्या स्वयंपाकघरातला नळ ख्रिसमसपासून गळत होता. नळाचा वायसर घेऊन गेलं तर आई दार उघडेल, असा डाव डिंपनाने रचला. वायसर मिळणार टॅन्सीच्या दुकानात. गॅविगन मंडळी तिथे फारशी जात नसत. महाग आहे, असं आई म्हणायची, आणि वडील साध्या खिळ्यांसाठी पुढच्या गावाला जायचे. पण आता पुढच्या गावाला कोण जातंय.

काहल काउंटरमागे होता. तिला बघून त्याने हातातला दोरीचा गुंडा खाली ठेवला. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, त्याच्या वडिलांचा फोटो. थोरला युजीन टॅन्सी, हनुवटी वर करून. युजीनला गावात कोण ओळखत नव्हतं? तो जाईपर्यंत डिंपनाने त्याला रस्त्यात, चर्चमध्ये, मॅचला, हजारदा पाहिलं होतं. त्याच्या नाकापाशी दोन झुपके ताठ उभे होते आणि टोकं कानशिलाकडे चढली होती. खाली काहलच्याही तशाच, पिकलेल्या. त्या भुवया तिने जन्मभर पाहिल्या होत्या. स्वतःच्या पाहून तिला तीनच महिने झाले होते.

ती उभ्या जागी थिजली.

"नळाचा वायसर हवा होता," ती म्हणाली.

"अर्धा इंची का?" काहलने विचारलं. मग काउंटरकडे बघत हळूच म्हणाला, "मला वाटायचं तुला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. तू रोल द्यायचीस ना रोज, मला वाटायचं ठाऊक असून देतेस. म्हणून तर मी यायचो."

त्याने पैसे घेतले नाहीत. तिला तेही कळलं नाही.

आईचं दार तिने ठोठावलं नाही, मागच्या बाजूने गेली आणि सरळ आत शिरली. आई बटाटे सोलत बसली होती.

"आई, मी टॅन्सीच्या दुकानातून आलेय."

सुरी थांबली. डीलियाने हातातला बटाटा बघितला, जसं काही त्यावर उत्तर लिहिलेलं होतं. नळ टपटपत होता.

"मग?" ती म्हणाली.

"मग? मग काय, आई? गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. नुआलाला माहीत आहे! एकट्या मलाच नाही. तू माझं तोंड उपटलंस गं, दर शनिवारी! मला वाटायचं मी कुरूप आहे. मी जन्मभर तसं समजून चालले."

तिचा आवाज चढला होता. आईवर ती असं कधी ओरडली नव्हती आणि ओरडल्यावर काय करतात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती खुर्चीत बसली.

"कुरूप नव्हतीस," डीलिया म्हणाली. "समोर बसायचीस तू जेवायला. मान वर केली की तो युजीन बघायचा माझ्याकडे, तुझ्या तोंडातून. माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. लोकांचं काय, लग्नापासून तुझ्या जन्मापर्यंतचे महिने लोकांना मोजता आलेच होते. मी लोकांसाठी नाही केलं. माझ्यासाठी केलं."

"आणि बाबा?"

आईने हातातला बटाटा पातेल्यात टाकला.

"बाबांना माहीत होतं का, आई?"

"लग्नाआधी सांगितलं होतं मी त्याला. तो म्हणाला, बरं. एवढंच. दुसऱ्या दिवशी फादरकडे जाऊन तारीख घेऊन आला." डीलियाने सुरी बाजूला ठेवली आणि हात ॲप्रनला पुसले. "शनिवारी मी तुला स्टुलावर बसवलं की तो अंगणात निघून जायचा. बघवायचं नाही त्याला. एकदा दारातून म्हणाला, पोरीच्या भुवया राहू दे, डीलिया, तिला शोभतात. मग कितीदा म्हणाला. शेवटी इस्पितळात पण म्हणाला. मीच ऐकलं नाही."

डिंपनाच्या डोक्यात एवढे प्रश्न दाटले होते की एकाचं टोक हाती लागेना. युजीन टॅन्सी कधी तिच्याशी नीट बोलला का नव्हता? काहलला आता काय हाक मारायची? आईला माफ करायचं की इथून उठून जायचं, आणि गेलं तर कुठे, समोरच्याच घरात? यातलं काहीही विचारता आलं असतं. तिने विचारलं ते भलतंच.

"बाबा असं म्हणायचे? शोभतात?"

"असंच म्हणायचा."

"परत सांग."

डीलियाने मान वर केली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि नजर तिथेच ठेवली.

"पोरीच्या भुवया राहू दे, डीलिया," ती म्हणाली. "तिला शोभतात."