विमान गिरजानं पाडलं नव्हतं

गिरजा गेली त्याच्या आदल्या दिवशी मी तिला पाणी पाजत होतो. चंद्रपूरच्या दवाखान्यात, खिडकीजवळची खाट. तिला म्हटलं, मी धरतो पेला, तर नाही म्हणाली, स्वतःच धरला. पेला कलंडला आणि अर्धं पाणी अंगावर सांडलं. पलीकडे आमचा मोठा मुलगा रमेश बसला होता, आता तोही साठीला आला. तो म्हणाला, "घ्या! आईनं पुन्हा विमान पाडलं." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आईला हसवावं, एवढंच. नर्सबाई चादर बदलत होत्या, त्यांनी विचारलं, कोणतं विमान हो? मग रमेशनं सगळी गोष्ट सांगितली. बाबांनी साहेबाचं विमान कसं झकास रंगवलं, बाबा घरी नसताना आईनं त्याला बैलाचा लेप कसा लावला, आणि गावादेखत ते कसं धाडकन आदळलं. नर्सबाई हसल्या. गिरजाही हसली, होता तेवढा श्वास खर्चून. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत बसलो... दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ती गेली.

तेरवीला जेवणं झाल्यावर हीच गोष्ट पुन्हा निघाली. माणूस गेलं की त्याचे किस्से निघतातच. मंडपात सगळे डोळे पुसत हसले, आणि मी पत्रावळीच्या काड्या मोडत बसलो. त्याला आता महिना होऊन गेला. ही गोष्ट आमच्या घरात साठ वर्षं चालली आणि ती खोटी आहे. खोटी मी केली. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंतची, आयुष्यभर लाकडावर पेन्सिलीनं मापं लिहिली. जसं येईल तसं वाचा.

मी सुतार. पन्नास सालानंतरची गोष्ट, तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत, गडचिरोलीचं सगळं जंगल त्यातच होतं. कुरखेड्याकडे जंगलात लाकूड चिरायची एक आरा मशीन होती, तिथं मी कामाला. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. गिरजा वरोऱ्याची. तिचा बाप तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करायचा. इकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर फिरतात, तो तान्हा पोळा. बाप लाकूड तासायचा, आई-मुली रंगवायच्या. गिरजा सात-आठ वर्षांची असल्यापासून ब्रश धरायची. बैलाची रीत अशी की खडूची भुकटी चिंचोक्याच्या खळीत कालवायची, तिचे लाकडावर एकावर एक पाच-सहा लेप द्यायचे, प्रत्येक लेप वाळला की कवडीनं घोटायचा. लाकडाची एक रेघ दिसता कामा नये. मग रंग, वरून रोगण. तिच्या बापाचा बैल गालाला लावला तर शहाबादी फरशीसारखा गार लागायचा.

आमच्या मशीनवरचा साहेब बंगाली होता. लढाईच्या काळात विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात राहून आलेला. त्या माणसाला एकच नाद, विमान. विलायतेहून त्याच्या भावानं एक पेटी पाठवली होती. तिच्यात लढाऊ विमानाचा सांगाडा, लहानसं इंजिन, आणि पोटात बसवायचं रेडिओचं यंत्र. जमिनीवर उभं राहून हातातल्या डबीचं बटण दाबलं की तार नाही, दोरी नाही, आणि विमानाच्या शेपटीचं फळकं हलायचं! पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आमचा हमाल दोन पावलं मागं सरला आणि त्यानं हात जोडले. साहेबानं सांगाडा जोडला, पण वाटेत पंखाच्या काड्या मोडल्या होत्या आणि सोबतच्या डब्यांतलं विमानाचं वार्निश वाळून दगड झालं होतं. त्यानं मला बोलावलं. म्हणाला, "मिस्त्री, पंख जोड दो, ऊपर ये रेशम चढाओ, और रंग ऐसा कि असली लगे." मी तेव्हा मिस्त्री नव्हतो, साधा सुतार होतो. पण साहेबानं मिस्त्री म्हटलं आणि माझी छाती फुगली. मी म्हणालो, हो साहेब, रंगाचं काम माझ्या घरचंच आहे. घरचं म्हणालो. कोणाचं, ते सांगितलं नाही.

पंख मी जोडले, ते मात्र माझं काम. ते लाकूड इतकं हलकं की पांगारा त्यापुढे दगड. विमान घरी आणलं आणि पुढचे आठ दिवस सगळं गिरजानं केलं. खळ पातळ केली, ताकासारखी, आणि तिच्यात ते झिरझिरीत रेशीम बुडवून सांगाड्यावर ओढलं. वाळल्यावर डमरूसारखं ताणून बसलं. टिचकी मारली की टण् वाजायचं. मग वरून, लढाऊ विमानांवर असतात तसे, हिरव्या आणि मातकट रंगाचे ढग, पोटाकडून आभाळी रंग. साहेबानं मासिकातलं एक चित्र दिलं होतं, ते चुलीमागच्या भिंतीला खोचून ती पाहून-पाहून रंगवायची. रंगाचा एकच हात दिला, तोही असा पातळ की रेशमाचे धागे दिसत होते.

ते धागेच माझ्या डोळ्यांत खुपले. म्हटलं, "गिरजे, हे काय? गोणपाट दिसून राह्यलं. याले बैलासारखं घोट."

ती म्हणाली, "अवो, बैलाले उडाचं असते का?"

"साहेबाले आरशासारखं पाह्यजे."

"साहेबाले उडालेलं पाह्यजे. पाखराच्या पंखावर कोनी माती लेपते का?"

"तुले काय समजते इमानातलं?"

"तुमाले समजते का?" ती म्हणाली आणि हसली. खरं तेच होतं, आणि तेच मला लागलं. तिच्या बापाच्या ओट्यावर जे काम सगळ्यात वरचं गणलं जायचं, ते मला साहेबाला दाखवायचं होतं. हलकं काम म्हणजे फसवणुकीचं काम, हे आम्हा लोकांच्या डोक्यात बसलेलं. मी आवाज चढवला. तिनं मुकाट्यानं खळ घट्ट केली, खडू कालवला. तीन लेप दिले, घोटले, पुन्हा ते हिरवे-मातकट ढग काढले, वरून रोगण. शेपटीकडचं काम बारीक म्हणून मी तिथं आणखी दोन लेप द्यायला लावले. विमान असं झालं की त्यात तोंड दिसावं.

आता जे लिहितो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. साहेबानं पंखांच्या खाली, दोन्हीकडे, पेन्सिलीनं एकेक ठिपका केला होता. मला दाखवून म्हणाला होता की काम झालं की या दोन ठिपक्यांवर बोटं टेकवून उचलायचं. सरळ राहिलं तर उडेल, नाही तर नाही. हे मी गिरजाला सांगितलं होतं. तिनं लेप आणि रंग देतानाही ते दोन ठिपके उघडे ठेवले होते. शेवटच्या दिवशी तिनं दोन बोटांवर विमान उचललं. शेपटी धपकन खाली गेली. पुन्हा उचललं, पुन्हा खाली.

"पाहा," ती म्हणाली, "बसून राह्यलं हे. शेपटीवरचं खरडून काढतो मी. एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी साहेबाला विमान द्यायचा वायदा होता. खरडलं तर चकाकी जाणार. मी तिच्या हातातून ब्रश घेतला, आभाळी रंगात बुडवला आणि ते दोन्ही ठिपके पुसून टाकले. म्हटलं, झालं, आता कोनी उचलून पाहत नाई. त्या अख्ख्या विमानावर माझा ब्रश फिरला तो एवढाच. गिरजा माझ्याकडे पाहत राहिली, मग चहा ठेवायला उठली.

साहेबानं विमान पाहिलं आणि खुर्चीतून उठला. "क्या हाथ है तुम्हारा!" म्हणाला. हात माझा, असं त्याला वाटलं आणि मी वाटू दिलं. मान खाली घालून उभा राहिलो, लाजल्यासारखा. त्यानं ठिपके शोधले असावेत, पंखाखाली अंगठा फिरवला, पण आरशात सापडणार काय? घाईत होता. चांद्याहून दोन पाहुणे यायचे होते.

धान कापून झालेल्या बांधीत, म्हणजे मोकळ्या शेतात, उडवायचं ठरलं. सकाळची वेळ, थंडी होती. मशीनवरची सगळी माणसं, गोंड मजूर, बाया, पाहुणे, असे शे-दीडशे लोक जमले. गिरजाही आली होती, बायांमध्ये उभी, डोक्यावर पदर. साहेबानं इंजिन चालू केलं, मधमाश्यांच्या मोहोळासारखा आवाज झाला. मी विमान हातात धरून पळालो आणि फेकलं. ते वर गेलं. लोक ओरडले. पुढं जायच्या ऐवजी त्यानं तोंड वर केलं, आणखी वर, उभं राहिलं खांबासारखं... साहेब बटण दाबत होता, "नीचे, नीचे!" म्हणून स्वतःशीच बोलत होता. मग ते शेपटीवर मागं घसरलं, फिरलं आणि बांधावर आदळलं.

साहेब चालत गेला. शेपटीचा तुकडा उचलला, नखानं खरवडला. पांढरी भुकटी पडली. त्यानं भुकटी बोटावर घेतली आणि मला विचारलं, "ये क्या लगाया?"

मी उत्तर शोधायला वेळसुद्धा घेतला नाही. तयार असल्यासारखं तोंडातून आलं. "साहेब, मैं नहीं. रंग मेरा है. ये लेप मेरे घरवाली ने लगाया, मैं घर पे नहीं था."

साहेब गिरजाकडे पाहत राहिला. सगळेच पाहू लागले. मग तान्ह्या पोळ्याचा लेप ओळखून पाहुण्यांपैकी एक हसला, "बैल समझ के रंग दिया बाई ने!" आणि सगळी बांधी हसली. साहेबही हसला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. गिरजानं पदर थोडा पुढं ओढला, बस. ती तिथं एक शब्द बोलली असती तर माझी नोकरी गेली असती, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि ती बोलणार नाही हेही.

घरी जाताना ती नेहमीसारखी मागून चालत होती. गावाच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "घरी नव्हते म्हणता. मंग मी चहा कोणाले देऊन राह्यली होती?"

मी भरभर पुढं चाललो. तिनं नंतर कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी मी मिस्त्री झालो. साहेब बदलून गेला, त्याला खरं कधीच कळलं नाही. त्यानं दुसरं विमान केलं की नाही, देव जाणे.

मला वाटलं होतं, चार दिवसांत लोक विसरतील. पण आमच्या लोकांना एक गोष्ट सापडली की ते ती झिजवून-झिजवून वापरतात. वरण करपलं की "विमान पाडलं का, गिरजाबाई?" रमेशच्या लग्नात हळदीचं ताट सांडलं, तेव्हाही तेच. सुना आल्या, त्यांनीही उचललं. नातवंडांना तर आजी म्हणजे विमान पाडणारी आजी. ती पदर तोंडाला लावून हसायची. कधीकधी स्वतःच म्हणायची, "मी इमान पाडणारी बाई, माह्या हाती काचेचं देऊ नका." तेव्हा माझ्याकडे मुळीच पाहायची नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं... शिवी घातली असती तरी चाललं असतं. साठ वर्षांत मला हजार वेळा सांगता आलं असतं. जेवताना, शेतात, तिच्या आजारपणात. आधी नोकरीची भीती, मग पोरांसमोर लाज, मग वाटलं, आता काय, जुनं झालं. तिच्यासाठी जुनं झालं की नाही, हे मी विचारलं नाही. दवाखान्यात ती शेवटची हसली, तेव्हाही मी सलाईनच मोजत होतो.

परवा शेजारची मंगला आली. गिरजा शेवटपर्यंत आळीतल्या लेकरांचे बैल रंगवून द्यायची. पोळा जवळ आला की लोक आपापले जुने बैल आणून ठेवत. यंदा ती आजारी पडायच्या आधी सात आले होते. मागच्या खोलीत खिडकीखाली उभे आहेत, पांढऱ्या लेपातले, घोटलेले, रंग द्यायचे राहिलेले. कोणता कोणाचा, हे तिला हात लावून कळायचं. मला ओळखू येत नाहीत.

मंगलानं आपला बैल शोधून उचलला. म्हणाली, "आबाजी, आजीनं लेप तं देला. वरचा रंग तुमीच करून द्या ना. तुमी तं साहेबाचं इमान रंगवलं होतं."

मी म्हटलं, "मले रंगवता येत नाई, मंगला. ते इमान तिनं रंगवलं होतं. पाडलं मी."

ती हसली आधी. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबली. बैल कडेवर घेतला, लेकरासारखा. म्हणाली, "रमेशभाऊले ठाऊक हाय का हे?"

"नाई."

"सांगा मंग," म्हणाली, आणि त्या पांढऱ्या बैलाला तसाच घेऊन गेली.

रमेशला फोन लावला होता. दोनदा लावला, तब्येत-पाणी विचारून ठेवून दिला. हे मी ज्या पेपरला पाठवतो आहे, तो पेपर रमेश घेतो, रविवारची पुरवणी सबंध वाचतो. तोंडावर बोलायची हिंमत आजही झाली नाही, ते इथं कागदावर करतो आहे, हेही त्यानं वाचावं. दुपारी मी त्या मागच्या खोलीत जाऊन बसतो. खिडकीखाली अजून सहा बैल आहेत. त्यांचे मालक येतील, आणि रंगाचं विचारतील.