सहा नंबरच्या काकूंचे यजमान

माणसाचं कुठलंही दुःख फायलीला लावलं की निम्मं हलकं होतं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे सहा नंबरच्या खोलीतल्या काकूंचे यजमान. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त होऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षं झाली, पण मंत्रालय त्यांच्या अंगातून अजून निघालेलं नाही. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक हिरवं, आणि हिरव्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. काकूंसाठी लाडू आणले तरी डब्यावर चिठ्ठी असायची: ‘विषय: रव्याचे लाडू. नग चार. साखर कमी.’ मला फोन केला की ‘हॅलो’ नाही, सरळ ‘सोमवारच्या आपल्या संभाषणाच्या संदर्भात’ अशी सुरुवात.

आमची गाठ पडली ती दिल्लीत, द्वारकेतल्या एका शुश्रूषागृहात. विस्मरणाचा आजार झालेली दहा-बारा वृद्ध माणसं तिथे राहतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, तिथे, आणि माझी आई तिथे. आईला मीच ठेवलं. हे वाक्य मी अजून सरळ मान वर करून बोलू शकत नाही. त्या अपराधाची भरपाई मी एकाच मार्गाने करायचो, ती म्हणजे तिथल्या लोकांच्या चुका काढून. चुका होत्याही. आया दोन महिन्यांत सोडून जायच्या, डॉक्टर आले तर आले, जेवणाला वेळ नव्हती. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ भांडणं, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझा.

एक दिवस तिथल्या व्यवस्थापक मॅडमनी माझ्या हातात पत्र ठेवलं. तुमच्या आई संध्याकाळी ओरडतात, फाटक हलवतात, जेवत नाहीत. आम्हाला झेपत नाही, महिन्याभरात दुसरी सोय करावी. दुसरी सोय नव्हतीच. आणखी दोन ठिकाणी नकार मिळाला होता, आणि घरून ती एकदा निघून गेली होती ती मेट्रोच्या जिन्यावर सापडली होती. मी ते पत्र काकांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना, दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि लाल झाले.

“विषयच लिहिलेला नाही! याला उत्तर तरी काय देणार?”

पुढच्या शनिवारी त्यांनी बैठक बोलावली. मॅडम, डॉक्टर, आया, स्वयंपाकी, फाटकावरचा चौकीदार आणि आम्ही नातेवाईक, सगळे जेवणाच्या टेबलाभोवती. अध्यक्ष कोण, तर स्वयंपाकी. “त्याच्या हातचं सगळे खातात, म्हणून त्याचं सगळे ऐकतील,” हे काकांचं कारण. विषय क्रमांक एक, चहा. तो एकमताने मंजूर झाला. विषय क्रमांक दोन, प्रत्येक रहिवाशाची एक फाइल. ती सगळ्यांच्या हातांतून फिरणार आणि प्रत्येकाने टिपणी लिहायची. नियम एकच: मत नको, पाहिलेलं लिहा.

मी पहिलीच टिपणी लिहिली, ‘इथल्या बायकांचं आईकडे लक्ष नाही.’ काकांनी समासात हिरव्या शाईने विचारलं, ‘हे आपण पाहिलं का? कधी?’ त्याच्या खाली सुनीताने, म्हणजे आईकडे असणाऱ्या आयाने, हिंदीत लिहिलं होतं: ‘जिस दिन भैया नहीं आते, अम्मा ठीक रहती हैं. जिस दिन आते हैं, चुपके से निकल जाते हैं, जूते हाथ में लेकर. फिर अम्मा पलंग के नीचे ढूँढती हैं, परदे के पीछे ढूँढती हैं. फिर गेट.’

त्याखाली हिरवी शाई: ‘संबंधितांनी खुलासा करावा.’

संबंधित म्हणजे मी. खरं होतं ते. आई चहाकडे वळली की मी बूट काढून हातात घ्यायचो आणि मागच्या मागे पसार व्हायचो. मला वाटे, तिला कळतच नाही तर निरोप घेऊन रडवायचं कशाला? खरं म्हणजे रडायची भीती मला होती. चार दिवस ती फाइल मी उघडली नाही. पाचव्या दिवशी सगळं लिहून काढलं आणि शेवटी आईबद्दल आठवलं तेही लिहिलं: ती पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची, आणि शाळा सुटल्यावर शेवटच्या मुलाला न्यायला कुणी येईपर्यंत फाटक सोडायची नाही.

काकांनी ते सुनीताला हिंदीत वाचून दाखवलं. तिने कपाळावर हात मारला. “अरे बाबूजी, वो आख़िरी बच्चा तो भैया ही हैं! अम्मा की गिनती में रोज़ एक कम पड़ता है. इनको बोलो, गेट से जाएँ, बता के जाएँ.”

त्या बुधवारी मी बूट पायांत घालून फाटकाशी उभा राहिलो. सुनीता आईला घेऊन आली.

“आई, मी निघतो.”

तिने मला नखशिखान्त पाहिलं. “न्यायला कोण आलंय?”

मागून काका पुढे आले. “मी आलोय, बाई.”

“सांभाळून न्या. रस्ता ओलांडताना हात धरा.”

“धरतो,” म्हणाले, आणि शहात्तर वर्षांच्या त्या माणसाने माझ्यासारख्या त्रेपन्न वर्षांच्या घोड्याचा हात धरून मला रस्त्यापलीकडे नेलं. ज्यूसवाला बघत राहिला. मी पलीकडे जाऊन हमसून हमसून रडलो. काका म्हणाले, “मुलं रडतातच. चला.”

त्या संध्याकाळी आईने दोन फुलके खाल्ले. फाटक कुणी हलवलं नाही. महिना संपला तेव्हा मॅडमनी पत्र मागे घेतलं, आणि नव्या पत्रावर विषय होता. आता तिथल्या आया टिकतात, डॉक्टरही फाइल वाचायला म्हणून का होईना वेळेवर येतात. बुधवारी आणि रविवारी काका मला रस्ता ओलांडून देतात. मला रात्री झोप लागते.

काकू मात्र गेलं वर्षभर त्यांना ओळखत नाहीत. तरी निघताना ते दाराशी उभे राहून “येतो हं” म्हणतात, दोनदा, तीनदा. काकू खिडकीबाहेर बघत असतात. मागच्या आठवड्यात काकूंच्या फायलीत मी काकांची टिपणी वाचली: ‘निरोप दिला. पोच मिळाली नाही.’ त्याखाली सुनीताने लिहिलं होतं, ‘बाबूजी के जाने के बाद माताजी ने दरवाज़े की तरफ़ देखा. बोलीं: गेले का? इसका मतलब मुझे नहीं पता.’

मी फाइल काकांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. कुठलंच पेन बाहेर काढलं नाही.

“निघू या का, काका?” मी विचारलं.

“तुम्ही आज एकटे ओलांडा,” ते म्हणाले. “मी बसतो जरा.”