सेंट्रल हॉलमध्ये वहिनीशी कोण बोललं?

घरात कोणाला काही दिसलं-भासलं की सगळे माझ्याकडे येतात, कारण मी ते लगेच खोडून काढतो. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी, दिवसभर मशीनशी गाठ. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी हे लिहितोय...

माझी वहिनी आमच्या गावची सरपंच. गाव कारध्याच्या थोडं पुढे, तलावाकाठचं. निवडून तर आली, पण सभेत तिचा आवाजच फुटायचा नाही. बाजूला बसलेला माझा मोठा भाऊ उत्तरं द्यायचा, ती मान हलवायची. तलावाचं पाणी खालच्या बांध्यांतल्या, म्हणजे भातखाचरांतल्या धानापर्यंत पोचत नाही, हे बायका रोज तिलाच येऊन सांगायच्या. पण वरची शेतं आमच्याच भावकीची — भाऊ तो विषय काढेना.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं दिल्लीला जुनं संसद भवन पाहायला गेलो. मोबाईल गेटवरच जमा केले होते, हे लक्षात ठेवा. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. सेंट्रल हॉलमध्ये जमिनीतून वर आलेल्या खांबांवर उलटे पंखे आहेत. भाऊ त्यांच्यातच अडकला. ते असे का, हे दिसेल त्याला विचारत सुटला. गाईड बाकीच्यांना घेऊन दारापर्यंत गेला. वहिनी मात्र रिकाम्या बाकांसमोर उभी. पुटपुटली, "इथं बोलाले किती हिंमत लागत असंल..."

आणि अगदी जवळून, उतारवयाच्या बाईचा आवाज आला, "बोल ना बाई. आयकून रायलो आमी."

आपल्या बोलीत... दिल्लीत! मी गर्रकन वळलो. जवळ कोणीच नाही. भाऊ पार पलीकडे, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. गाईडला विचारलं, तर माईक सगळे बंद. आमच्या गटात भंडाऱ्याकडचं दुसरं कोणी नव्हतं. मला घाम फुटला — आणि वहिनी हसत होती! पदर सावरून तिनं त्या रिकाम्या हॉलला खालच्या बांध्यांची सगळी हकीकत सांगितली. हळू आवाजात, पण कुठेही न अडखळता.

पुढच्या ग्रामसभेत भाऊ सवयीनं उठला. वहिनीनं हात धरून त्याला खाली बसवलं. म्हणाली, "तुमी बसा जी. मले बोलू द्या."

भावकी रुसली, थोडा गोंधळही झाला, पण पाण्याच्या पाळ्या ठरल्या. यंदा खालच्या बांध्यांतही धान छान निसवलं. भाऊ आठवडाभर फुगून होता; आता बायको सभेत कशी बोलते, हे तोच गावभर सांगत फिरतो.

परवा मी वहिनीला विचारलं, तो आवाज कोणाचा असेल? ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मले का मालूम भाऊजी? पन मले 'बोल' म्हननारं तेच पयलं होतं."

त्या हॉलच्या घुमटात आपलाच आवाज परत येतो म्हणावं, तर तो आपलेच शब्द घेऊन येईल ना... उत्तर कसं देईल? मला अजून कळलेलं नाही.