समोरच्या ओट्यावरची अहिराणी

समोरच्या घरात ओडिशाचं एक जोडपं भाड्याने आलं, त्या दिवशी घरमालकाने भर गल्लीत त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की घरात मासे शिजवायचे नाहीत. नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता. तो मुकाट्याने मान हलवत होता. बायको वीस-बावीसची असेल. ती आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत उभी होती.

सुरतेतलं हे डिंडोली मुळात शेतकऱ्यांचं गाव. त्यांच्या शेतांवर आमच्या सोसायट्या झाल्या. जुन्या गावातले गुजराती लोक आम्हा मराठी लोकांना अजून बाहेरचे समजतात, आम्ही उत्तर प्रदेशवाल्यांना समजतो आणि ते ओडियांना. आपल्या मागून आलेला तो परका, एवढाच इथला हिशेब. मला हे सगळं दिसायचं आणि मी त्याच्या वर आहे असंही वाटायचं. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. माझे वडील सरकारी नोकरीत, मूळ रत्नागिरीचे. माहेरी रविवारी मासे नसले तर जेवण झालं असं कुणी म्हणत नसे. लग्न खानदेशी घरात झालं आणि मी मासे सोडले. पण मी कुठल्या घरातून आले, हे मला कुणी गल्लीत उभं करून विचारलं नव्हतं.

माझा नवरा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, मी शाळेत. घरी दिवसभर सासूबाई एकट्या. कंबर धरली तेव्हापासून त्या ओट्यावर बसून असत. समोरची तिच्या ओट्यावर साड्यांना खडे चिकटवत बसे. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मला वाटलं, बरंय, निदान माणसाची सोबत आहे.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी मी शाळेतून आले, तर गल्लीच्या तोंडाशीच खणखणीत अहिराणी ऐकू आली. "माय, जेवन व्हयनं का?" मला वाटलं, धुळ्याची कुणी नातलग आली. बघते तर ही. सासूबाई तिचे शब्द सुधारत होत्या आणि दोघी हसत होत्या. सासूबाईंना इतकं हसताना मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी अहिराणी कधी शिकले नाही. खरं सांगायचं तर शिकायची नव्हती. माझी मुलगी आजीसारखं बोलली, की मी तिला लगेच टोकायची, "नीट बोल." सासूबाईंशी मी शाळेत बोलते तसं बोलायची. त्या "हो" म्हणत आणि गप्प बसत. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच अबोल आहे.

आता त्या अबोल नव्हत्या. ती त्यांच्या केसांना तेल लावून देई. त्या तिला कळण्याची भाकरी थापायला शिकवत. शेवग्याच्या शेंगा आल्या, की पहिली जुडी समोर जाई. मी स्वयंपाकघरातून ऐकत राहायची आणि माझ्या हातून भांडी जरा जोरात आपटायची.

एकदा ती मला हिंदीत म्हणाली, "दीदी, मायच्या पहिल्या मुलीचा फोटो तुमच्याकडे आहे का?"

"कुठल्या मुलीचा?"

तिचे हात थांबले. "तुम्हाला माहीत नाही? चार वर्षांची होऊन गेली ती. तुमच्या मिस्टरांच्या आधीची."

मला माहीत नव्हतं. मी "असेल कुठेतरी" म्हणाले आणि घरात येऊन पाणी प्याले. माझ्याच घरातलं दुःख मला परक्या बाईकडून कळलं होतं. मला त्या मुलीचं वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला, तोही समोरचीचा.

त्या वर्षी श्रावणात कानबाई आमच्याकडे बसायची होती. भाऊबंदांची ही देवी. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घरच्याच बायका निवडतात. सासूबाई म्हणाल्या, "समोरनी पोर बी यी गहू निवडाले." मी संध्याकाळी ओट्यावर उभी राहून थोरल्या जाऊबाईंना फोन लावला.

"आईंना समोरची हवी आहे गव्हाला हात लावायला," मी म्हणाले. "आणि तिच्याकडे परवाच मासे शिजले. वास आला मला."

वास आला नव्हता. ते वाक्य बोलताना मला ते ठाऊक होतं, आणि फोन ठेवल्यावर हलकंही वाटलं होतं.

शनिवारी ती न्हाऊन, ओल्या केसांनी, हातात सूप घेऊन आली. जाऊबाईंनी तिला उंबऱ्यावरच अडवलं. आत दहा-बारा बायका होत्या.

"तू बाहेरच थांब. श्रावणात मासे खाणारीचा हात नको आम्हाला."

"मी आंग धोईसन उनू, माय," ती माझ्या सासूबाईंकडे बघत म्हणाली. मग तिने सूप उंबऱ्याशी ठेवलं आणि गेली.

सासूबाईंनी विचारलं, "हाई कोन सांगं?" जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. रविवारी पूजा झाली, गाणी झाली, त्या गायल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विसर्जनाहून आल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या." अकरा वर्षं मी त्यांची 'तू' होते. घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं त्या माझ्याशी शुद्ध, जपून जपून बोलायला लागल्या.

गोष्ट बायकांमधून घरमालकापर्यंत पोचायला आठवडा लागला. त्याने त्यांना महिनाअखेर घर सोडायला सांगितलं. तेव्हा मात्र माझी झोप उडाली. मी जुन्या गावात त्याच्या घरी गेले आणि सांगितलं, की मासे शिजले नव्हते, मी खोटं बोलले. तो हिंडोळ्यावर बसला होता. "बेन, हवे तो बीजाने आपी दीधुं," म्हणाला. घर दुसऱ्याला देऊन झालं होतं.

तिथून मी तिच्याकडे गेले. ती सामान बांधत होती. मी सगळं सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही ओट्यावरून बोलत होतात, दीदी. मी समोरच होते. तरी मायने बोलावलं म्हणून आले."

"मग तू आईंना सांगितलं का नाहीस?"

"त्यांना तुमच्यासोबत राहायचंय." तिने एक गाठ मारली. "माय तुमचंच बोलायच्या दिवसभर. सून शिकलेली आहे, तिच्यासमोर तोंड उघडायची लाज वाटते, म्हणायच्या."

मला तिथे उभं राहवेना. घरी येऊन मी सासूबाईंच्या देखत जाऊबाईंना फोन केला आणि खरं सांगितलं. जाऊबाई बरंच बोलल्या. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरीच्या सामानाला हात लावा, जा."

मी गेले. टेम्पो भरून दिला.

ती आता भेस्तानला राहते. सासूबाई तिला रोज दुपारी फोन करतात. मी माझ्या मुलीकडून थोडी अहिराणी शिकले. माझे उच्चार ऐकून सासूबाईंना हसू येतं, पण 'तू' म्हणायला त्यांना दिवाळी उजाडली. पहिल्या मुलीबद्दल त्यांनी मला अजून काही सांगितलेलं नाही. मी विचारत नाही.

महिन्यातून एकदा मी त्यांना स्कूटरवर भेस्तानला नेते. त्या दोघी ओट्यावर बसतात, मी थोडी बाजूला. त्यांचं अर्धं बोलणं मला कळतं. परवा सासूबाई तिच्या कानाशी वाकून काही तरी सांगत होत्या, आणि मी स्कूटरची किल्ली ओट्यावर जरा जोरात ठेवली. ती उठली, चहा करून आणला आणि माझ्याजवळ खड्यांची पुडी ठेवत म्हणाली, "दीदी, बसल्या बसल्या एवढा पदर करून द्या." मी सरकून त्यांच्याजवळ बसले आणि खडे लावायला लागले. दोन वाकडे लागले. तिने ते काढून मला परत लावायला लावले.